‘लाल ट्रक’ची पहिली बाजू

एका रेकॉर्डचे किस्से असून असून किती असणार? एक, फार तर दोन. मलाही तसंच वाटायचं. पण एक सांगायला बसलो की त्याचं शेपूट धरून दुसरा बाहेर येतो, आणि तिसऱ्याची आठवण तर ऐकणाराच करून देतो, "अहो, तो व्हॉल्वचा राहिला ना!" अशी ही रास कधी साठली ते माझं मलाच कळलं नाही.

परवा नातू म्हणाला, "आजोबा, हा क्लासिक हार्ड रॉक अल्बम आहे. तुम्हाला नाही झेपणार."

मी त्याच्या कानातला इअरफोन काढून माझ्या कानात घातला. एक अख्खं गाणं ऐकलं. म्हटलं, "बरा आहे. पण याच्या आजोबाला मी ओळखतो. लालबागला भेटलो होतो!"

तो आजोबा म्हणजे एक लाँग प्ले रेकॉर्ड. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा कर्फ्यू. घरातला माणूस दूध आणायला गेला तरी तो परत येईपर्यंत बायका गॅलरीत उभ्या. अशा दिवसांत आम्ही चौघं एका इंग्रजी रेकॉर्डच्या नादाला लागलो होतो. मी आणि दिगू गिरगावात एकाच चाळीत राहायचो आणि फोर्टातल्या एकाच कचेरीत कारकुनी करायचो. व्हिक्टर शेजारच्या वाडीतला, आमच्याच कचेरीत टायपिस्ट. चौथा परब. तो लालबागचा, लग्नांना, सभांना लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा.

रेकॉर्डच्या कव्हरवर एक लाल ट्रक होता आणि ट्रकच्या टपावर चार लांबोडके गोरे, वाद्यं घेऊन बसलेले. बँडचं नाव उच्चारताना प्रत्येकाची जीभ वेगळ्या जागी अडकायची. म्हणून रेकॉर्डचं नाव आम्हीच ठेवलं, ‘लाल ट्रक’. आणि चाळीने आमचं ठेवलं, ‘ट्रकवाले’.

*

रेकॉर्ड आणली व्हिक्टरच्या मोठ्या भावाने. तो बोटीवर होता. "तिकडे पोरं हिच्यावर वेडी झालीत," एवढंच सांगून तो परत बोटीवर गेला.

दिगूकडे किल्लीचा ग्रामोफोन होता. त्याने किल्ली पिळली, नवी सुई बसवली, तबकडी फिरायला लागली. सुई टेकायला दोन बोटं राहिली असतील तोच व्हिक्टर किंचाळला, "थांब! पाया पडतो तुझ्या, थांब!"

दिगूचा हात तिथेच गोठला.

"ही तेहतीस स्पीडची रेकॉर्ड, मॅन! तुझं मशीन अठ्ठ्याहत्तरचं. आणि ही सुई नाही, नांगर आहे नांगर! एका फेऱ्यात शेत करून टाकेल तिचं!"

दिगूने दोन्ही हातांनी तो दांडा उचलून बाजूला ठेवला. आमच्या कपाळावर घाम. म्हणजे जगातली सगळ्यात भारी रेकॉर्ड आमच्याकडे होती आणि वाजवायला काहीच नव्हतं!

महिनाभर आम्ही काय केलं असेल? रोज कचेरीतून आलो की ती कव्हरातून काढायची, मलमलच्या फडक्याने पुसायची, बघायची आणि परत ठेवायची. दिगू तर ती उजेडात तिरकी धरून रेघा न्याहाळायचा.

एकदा मोठा सुस्कारा टाकून म्हणाला, "नुसती बघूनसुद्धा केवढी जोरात वाटते रे!"

*

परबकडे विजेवर चालणारा, तीन स्पीडचा प्लेअर आहे हे व्हिक्टरने शोधून काढलं. एका रविवारी सकाळी आम्ही तिघं त्याच्या लालबागच्या दुकानात पोचलो. दुकान कसलं, भोंगे आणि वायरींच्या भेंडोळ्यांतून वाट काढत आत शिरायचं. परबने सुई टेकवली.

आधी नुसते ढोल. चार ठोके. आणि मग ती गिटार!

मी गिटार ऐकलेली होती. व्हिक्टरच्या वाडीत नाताळला वाजायची, गोड. ही तशी नव्हती. पत्र्याच्या पिंपात मधमाश्यांचं पोळं फुटावं तसा तो आवाज आला. मी दोन पावलं मागे सरलो. आणि तरी पुढे सरकून ऐकावंसं वाटत होतं.

परबने झटक्यात बटण बंद केलं. "मेल्यानू, माझो व्हॉल्व गेलो!"

त्याने अॅम्प्लिफायर उघडला, जळका वास येतोय का बघितलं, आतला बल्बासारखा व्हॉल्व बदलला. परत लावली. चार ठोके, गिटार, तीच घरघर! परबचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी त्याला एक लग्न होतं. त्याने दुसरा व्हॉल्व घातला, मग स्पीकरच बदलला. तिसऱ्यांदाही तेच.

शेवटी व्हिक्टर म्हणाला, "परब, तो आवाज असाच आहे रे! रेकॉर्डमध्येच आहे."

परबला ते पटेना. तो कव्हरवरच्या त्या चौघांकडे बराच वेळ बघत राहिला आणि फार कळवळून म्हणाला, "मगे तेंचोच स्पीकर फुटलेलो आसतलो! गरीब दिसतत बिचारे!"

त्या दिवशी ती रेकॉर्ड आम्ही पाच वेळा ऐकली. परब आमच्यात आला तो तेव्हापासून.

*

आता हा सभेचा. हा सांगताना मला आजही घाम फुटतो.

लालबागला सभा होती. पहिली पाळी सुटलेले गिरणी कामगार बसलेले, पार रस्त्यापर्यंत. मैदानाच्या कडेला पोलिसांच्या व्हॅन. पुढारी यायला उशीर. तोवर पोवाडा लावायचा होता. परबने घाईघाईत सगळं जोडलं आणि सुई टेकवली. प्लेअरवर आमची दुपारची रेकॉर्ड तशीच राहिली होती, हे कोणाच्या लक्षात?

चार बांबूंवरचे चार भोंगे. चार ठोके. आणि ती गिटार!

लोक दचकले. व्हॅनमधले पोलीस दचकून उभे राहिले. पोलीस उभे राहिले म्हणून पुढचे लोक उभे राहिले. पुढचे उभे राहिले म्हणून मागचे पळण्याच्या बेतात! मी स्टेजच्या बाजूला होतो. एवढी माणसं एकदम हलली तर काय होईल, हे माझ्या डोळ्यांसमोर दिसत होतं. परबला बटणच सापडेना. शेवटी व्हिक्टरने वायरच उपटली.

कोणी बसेना, कोणी हलेना.

तेवढ्यात एक म्हातारे पुढारी काठी टेकत स्टेजवर चढले. त्यांनी भोंग्याकडे बघितलं, मग व्हॅनकडे, मग माइक हातात घेतला. "बसा, बसा! घाबरता काय? मुंबई मागायची तर आवाज एवढा मोठाच लागतो!"

हशा पिकला. लोक बसले. पोलीसही बसले.

परबला मात्र दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सभेचे एक कार्यकर्ते दुकानात आले. परब हात जोडून उभा राहिला. आता भाडं तर बुडालंच, वर मार!

कार्यकर्ते म्हणाले, "परवाचा तो नवा शाहीर कुठला हो? शब्द काही समजले नाहीत, पण तळमळ होती!"

*

पुढे पोलीस सभांचे लाउडस्पीकर जप्त करायला लागले. तेव्हा परबने आपला जादा प्लेअर दिगूकडे आणून ठेवला. त्याची पिन रेडिओच्या मागे खुपसली की रेडिओतून रेकॉर्ड ऐकू यायची. पण दिगूच्या घरी नाना होते.

नाना म्हणजे दिगूचे वडील. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, घराणं मुंबईतलं पिढ्यान् पिढ्यांचं. कोट-टोपीशिवाय ते जिनाही उतरायचे नाहीत. चळवळीत मात्र पुढे. संध्याकाळी सहा ते सात ते वॉर्डाच्या बैठकीला जायचे. आम्हाला तेवढाच एक तास. माझं सगळं लक्ष जिन्याकडे, त्यांच्या चपला वाजतात का याकडे. खरं सांगतो, तिथे मी एकही बाजू कधी नीट ऐकली नाही. दुसऱ्या बाजूचं दुसरं गाणं जरा रटाळ आहे असं दिगू म्हणायचा, त्यावर मी मान डोलवायचो.

एकदा बैठक लवकर संपली. नाना दारात!

दिगू पांढराफटक. कोणी काही बोलायच्या आत नानांनी हात वर केला. "बंद करू नका. मला ऐकू दे."

ते खुर्चीत बसले, खिशातून लाल पेन्सिल आणि कागद काढला. गाणं संपेपर्यंत खाली मान घालून लिहीत होते. आम्हाला वाटलं, नाना शब्द उतरवून घेतायत. चक्क आवडलं की काय?

गाणं संपलं. नानांनी कागद दिगूच्या हातात दिला. सात ठिकाणी लाल खुणा!

"‘शी डोन्ट’ नव्हे, ‘शी डझ नॉट’. एवढंसुद्धा व्याकरण नाही. या माणसाला मी माझ्या हाताखाली पंधरा दिवस ठेवला नसता!"

*

रेकॉर्ड एकेक आठवडा एकेकाकडे असायची. परबची पाळी संपली म्हणून मी ती आणायला लालबागला गेलो आणि तिथे असतानाच सगळं बंद झालं. बस नाही, ट्राम नाही. रेकॉर्ड पिशवीत घालून मी चालत निघालो.

भायखळ्याला बाजारापाशी पंधरा-वीस जणांनी अडवलं. हातात दगड, डोळे तारवटलेले. सकाळी जवळच गोळीबार झाला होता म्हणे.

"पिशवीत काय आहे?"

मी काढून दाखवली. पातळ, पण मोठी, चौकोनी, आणि वर सगळं इंग्रजी. एकाने ती माझ्या हातातून घेतली. "इंग्रजी? कोणाचा माणूस तू?"

मला माझी काळजी वाटायला हवी होती. मला वाटत होतं, हा आता ती गुडघ्यावर मोडणार! तोंडातून निघून गेलं, "ट्रकवरून मोर्चाला चाललेत ते... कामगार..."

ते सगळे कव्हरवर वाकले. लाल ट्रक, त्यावर चार माणसं, एकाचं तोंड उघडं.

"घोषणा देतोय वाटतं," एक जण म्हणाला.

दुसरा म्हणाला, "मग हे गोरे कसे?"

त्यावर त्यांच्यातलाच एक चष्मेवाला पुढे झाला, त्याने सगळ्यांकडे तुच्छतेने बघितलं आणि म्हणाला, "अरे, पेपर वाचत जा! परदेशातूनसुद्धा पाठिंबा आहे आपल्याला!"

*

हा किस्सा मी कमी वेळा सांगतो.

आमच्या चाळीत तळमजल्यावर सदू राहायचा. एका छापखान्यात कंपोझिटर. आई आणि तो, दोघंच. दिवसभर छपाईच्या अक्षरांचे बारीक खिळे जुळवून डोकं उठायचं त्याचं, आणि घरी यावं तर वर आमचा ट्रक. रोज बरोब्बर तिसऱ्या गाण्याला तो खालून ओरडायचा, "ए ट्रकवाले! ब्रेक मारा!"

आम्ही आवाज आणखी मोठा करायचो. तो आणखी ओरडायचा.

सदू मोर्चाला कधी गेला नाही. छापखान्यातून घरी येताना रस्त्यात गोळी लागली. त्याला आणला तेव्हा बोटांना शाई तशीच होती.

आम्ही रेकॉर्ड कपाटावर टाकून दिली. लावायचा विषयही निघाला नाही. सहा वाजायचे, नाना बैठकीला जायचे आणि आम्ही गॅलरीत नुसते उभे राहायचो. खालच्या खोलीत दिवा लागलाय का, तेवढं बघायचो.

बऱ्याच दिवसांनी सदूची आई, सीतामावशी, जिना चढून वर आली. आम्हाला वाटलं, काही हवं असेल.

ती म्हणाली, "हल्ली ते तुमचं वाजत नाही?"

दिगू म्हणाला, "नाही, मावशी. कसं लावणार?"

"लावा रे. सहा वाजले की माझे कान लागतात. तो ओरडेल असं वाटतं. वर वाजतच नाही, मग तो ओरडणार तरी कशाला?"

दिगूने रेकॉर्ड काढून माझ्या हातात दिली, सुई मीच टेकवली. मावशी उंबऱ्यावर बसली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. पदराची गाठ सोडत होती, बांधत होती. तिसरं सुरू झालं. आम्ही जमिनीकडे बघत होतो.

ती उठली, जिन्याचा कठडा धरला आणि आमच्याकडे न बघता हळूच म्हणाली, "ब्रेक मारा आता."

*

एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला मी दिगूकडे होतो. हरताळ, कचेरी बंद. कव्हर पलंगावर, रेकॉर्ड दिगूच्या हातात, पुसणं चाललेलं. नाना टेबलापाशी पत्रकांचा गठ्ठा सोडून बसले होते. बंदी घातलेली पत्रकं, त्याच दिवशी वाटायची. सापडली तर नाना तर आत जाणारच, पण दिगूची आणि माझी नोकरीही जाणार.

जिन्यावर बूट वाजले. एकाचे नाहीत, तिघांचे.

नाना उठले. एवढे चपळ मी त्यांना कधी पाहिले नव्हते. त्यांनी पलंगावरचं कव्हर ओढलं, पत्रकं आत सारली, कव्हर होतं तसं ठेवलं आणि वर्तमानपत्र उघडून खुर्चीत बसले.

"लाव," ते दिगूला म्हणाले.

"काय?"

"तेच तुझं. लाव लवकर!"

ढोलाचे चार ठोके आणि इन्स्पेक्टर एकदमच आत आले. चाळिशीचा माणूस, मिश्या बारीक, चेहऱ्यावर काहीही नाही. त्यांनी मान हलवली, तसे दोन हवालदार कामाला लागले. कपाट, तांदळाचा डबा, देवांच्या मागे, गाद्यांच्या घड्या. इन्स्पेक्टर रेडिओपाशी उभे राहिले. दिगू बंद करायला पुढे झाला.

"राहू दे," ते म्हणाले. "जरा मोठा करा."

त्यांनी पलंगावर बसायला जागा केली, म्हणजे कव्हर उचललं आणि मांडीवर ठेवलं. मग हवालदारांना म्हणाले, "तुम्ही गॅलरी बघा. गच्ची बघा."

आता खोलीत आम्ही तिघं, ते आणि ‘लाल ट्रक’.

त्या दिवशी मी रेकॉर्डची पहिली बाजू प्रथमच खऱ्या अर्थाने ऐकली. जिन्याकडे लक्ष ठेवायचं कारण उरलं नव्हतं. जे यायचं ते येऊन बसलं होतं. पहिल्या गाण्यात गिटार आणि ढोल एकमेकांशी भांडतात असं मी समजत होतो. तसं नाही, गिटार पुढे पळते आणि ढोल तिला हात धरून मागे ओढतो. दुसऱ्यात गाणारा माणूस ओळ संपायच्या आधीच दमतो, आणि दमलेलाच पुढची ओळ उचलतो. इन्स्पेक्टरांची बोटं कव्हरवर ताल धरत होती. कव्हरच्या आत पत्रकं. टक टक टक! नानांच्या हातातलं वर्तमानपत्र अजिबात हलत नव्हतं, आणि पानही उलटत नव्हतं.

चौथं गाणं संथ. त्यात एका जागी सगळी वाद्यं थांबतात आणि गाणाऱ्याचा श्वास तेवढा ऐकू येतो. तिथे इन्स्पेक्टरांची बोटं थांबली. त्यांनी कव्हर उलटं केलं, मागचं वाचायला लागले. दिगूने डोळे मिटून घेतले. मी मनात म्हणत होतो, सुरू हो रे बाबा, सुरू हो! आणि ती गिटार परत आली. तेव्हा मला तिच्यात जी दया वाटली, ती मला नातवाला सांगता येत नाही.

शेवटच्या गाण्यात सगळेच सुटतात. कोण कुठे चाललंय कळत नाही, आणि तरी बरोबर एका जागी येऊन धाडकन थांबतात. मग तिकडे, ते वाजवत होते त्या खोलीत, कोणीतरी खुदकन हसतं. तेही रेकॉर्डमध्ये आलंय. आमच्या खोलीत तेवढंच हसू.

सुई खरखरायला लागली. इन्स्पेक्टर उठले. त्यांनी स्वतः रेकॉर्ड उचलली, कडांना धरून, बोटं न लावता, जाणकार धरतो तशी. आणि कव्हरात घालायला गेले.

अर्ध्यावर अडकली.

त्यांनी थोडा जोर केला. जाईना. मग त्यांनी कव्हरचं तोंड फाकवलं आणि आत बघितलं.

किती वेळ बघितलं ते सांगता येणार नाही. नानांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि कोटाची बटणं लावायला घेतली.

इन्स्पेक्टरांनी रेकॉर्ड बाहेर काढली. कव्हर पलंगावर ठेवलं, त्यावर रेकॉर्ड अलगद ठेवली, टोपी घातली. दिगूला म्हणाले, "सुई बदला. बोथट झालीय." नानांना नमस्कार केला आणि बाहेर पडले.

गॅलरीतून हवालदाराचा आवाज आला, "साहेब, आत काही मिळालं?"

"काही नाही," साहेब म्हणाले. "नुसता गोंगाट!"